बुद्धकाळातील वैद्य आणि रुग्णशुश्रूषा

आज आपल्या घरात कोणी आजारी पडले की आपण दवाखान्याची वाट धरतो. रक्त तपासले जाते, एक्स-रे काढला जातो, गोळ्या-इंजेक्शने मिळतात. परंतु ही साधने फार जुनी नाहीत. इथर हुंगवून रुग्णाला बेशुद्ध करून केलेल्या शस्त्रक्रियेचे यशस्वी जाहीर प्रात्यक्षिक १८४६ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात झाले. जखम जंतूंपासून सुरक्षित ठेवण्याची लिस्टर यांची पद्धत १८६७ साली प्रसिद्ध झाली. पेनिसिलिनचा शोध १९२८ सालचा. मग त्यापूर्वी वैद्य रुग्णावर उपचार कसे करीत असत?

या प्रश्नाचे एक तपशीलवार उत्तर पाली विनयपिटकातील 'महावग्ग' या ग्रंथात सापडते. भिक्खुसंघाचे नियम सांगताना त्या त्या नियमामागचा प्रसंगही तेथे दिला आहे. त्यामुळे त्या काळचे आजार, औषधे, वैद्य आणि त्यांचे मानधन यांची सहजच नोंद झाली आहे. या कथांत अतिशयोक्ती नाही असे नव्हे. तथापि तत्कालीन लोकांना उपचाराविषयी काय ठाऊक होते, हे त्यांवरून निश्चित समजते.

जीवकाचे शिक्षण

बुद्धकाळातील सर्वांत प्रसिद्ध वैद्य म्हणजे जीवक कोमारभच्च. राजगृहातील सालवती या गणिकेच्या पोटी तो जन्मला. जन्मताच त्याला सुपात घालून उकिरड्यावर टाकून देण्यात आले. राजपुत्र अभयाने ते मूल पाहिले आणि ते जिवंत आहे का, असे विचारले. 'जिवंत आहे' असे उत्तर आले, म्हणून त्याचे नाव जीवक पडले. जन्माने ज्याला समाजात स्थान नव्हते, तो पुढे मगधाच्या राजाचा वैद्य झाला, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

जीवकाने तक्षशिलेला जाऊन एका नामवंत आचार्यांजवळ सात वर्षे अध्ययन केले. परीक्षेच्या वेळी आचार्यांनी त्याला कुदळ देऊन सांगितले की, तक्षशिलेभोवती योजनभर हिंड आणि जी वनस्पती औषधी नाही ती घेऊन ये. जीवक सर्वत्र फिरला आणि रिकाम्या हाताने परत आला. औषधी नाही अशी एकही वनस्पती त्याला आढळली नाही. आचार्यांनी त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचे जाहीर केले.

औषधे कोणती होती?

महावग्गातील 'भेसज्जक्खन्धक' या प्रकरणात औषधांची यादीच आहे. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच मुख्य औषधे. मुळांमध्ये हळद, आले, वेखंड, अतिविष, वाळा, नागरमोथा. पानांमध्ये कडुनिंब, कुडा, पडवळ, तुळस. फळांमध्ये वावडिंग, पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा, आवळा. यांतील बहुतेक वस्तू आपल्या आजीच्या बटव्यात असत. डोळ्यांसाठी अंजन, डोकेदुखीवर डोक्याला तेल व नाकात नस्य, वातावर शेक व घाम काढणे, जखमेवर लेप व पट्टी, असे उपचारही तेथे सांगितले आहेत.

सगळेच उपचार आज घेण्यासारखे नाहीत. सर्पदंशावर शेण, मूत्र, राख व माती देण्याची अनुज्ञा त्या ग्रंथात आहे. त्या काळी दुसरे साधन नव्हते. आज साप चावल्यास तडक दवाखान्यात जाऊन प्रतिविषाचे इंजेक्शन घेणे हाच उपाय आहे.

शस्त्रक्रिया

राजगृहातील एका श्रेष्ठीला सात वर्षे डोकेदुखी होती. तो काही दिवसांचाच सोबती आहे, असे इतर वैद्यांनी सांगून टाकले होते. जीवकाने त्याला मंचकाला बांधले, डोक्याची कातडी कापली, कवटीची सांध उघडून आतील दोन कृमी बाहेर काढले आणि कातडी शिवून लेप लावला, असे वर्णन आहे. वाराणसीच्या श्रेष्ठीपुत्राच्या आतड्याला कोलांट्या खेळताना गाठ पडली होती. त्याला खांबाला बांधून, पोट उघडून, गाठ सोडवून जीवकाने पोट पुन्हा शिवले. भूल देण्याची सोय नसल्यामुळे रुग्णाला बांधावे लागे. ती वेदना किती भयंकर असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

डोकेदुखीच्या श्रेष्ठीला जीवकाने आधीच विचारले होते की, सात महिने एका कुशीवर, सात महिने दुसऱ्या कुशीवर आणि सात महिने उताणे पडून राहशील का? श्रेष्ठीने कबूल केले, पण प्रत्येक वेळी सात दिवसांतच तो कंटाळला. एकवीस दिवसांत तो बरा झाला. तेव्हा जीवक म्हणाला की, सात महिने सांगितले नसते तर तू सात दिवससुद्धा पडून राहिला नसतास. रोगाबरोबर रोग्याचा स्वभावही वैद्याला ओळखावा लागे.

शस्त्र कोठे चालवू नये, हेही ठाऊक असावे लागे. आकाशगोत्त नावाचा वैद्य एका भिक्खूच्या भगंदरावर शस्त्र चालवीत होता. भगवान बुद्धांनी त्या भागावरील शस्त्रक्रियेस मनाई केली. तेथील त्वचा नाजूक असते, जखम लवकर भरत नाही आणि शस्त्र नीट चालवता येत नाही, अशी त्यांनी कारणे दिली. राजा बिंबिसाराचे भगंदर जीवकाने केवळ लेपाने बरे केले होते. अथर्ववेदातील रोगनिवारणाच्या सूक्तांत मंत्राला मोठे स्थान आहे. जीवकाच्या या कथांत मात्र मंत्र नाही, गंडा नाही की दोरा नाही. आहे ते निरीक्षण, औषध आणि हस्तकौशल्य.

वैद्य कोणाला मिळत असे?

येथे एक कटू सत्य सांगितले पाहिजे. साकेतच्या श्रेष्ठीपत्नीची डोकेदुखी बरी केल्यावर जीवकाला १६,००० नाणी, दास-दासी आणि रथ मिळाला. राजगृहाच्या श्रेष्ठीने त्याला एक लाख दिले. मगधात कुष्ठ, गंड, किलास, शोष व अपस्मार या पाच रोगांची साथ पसरली, तेव्हा लोक सर्वस्व द्यायला तयार होते. परंतु राजा, अंतःपुर आणि भिक्खुसंघ यांच्या सेवेमुळे जीवकाला सवड नव्हती. शेवटी काही लोक केवळ उपचारासाठी प्रव्रज्या घेऊ लागले आणि बरे होताच चीवर सोडू लागले. म्हणून या रोगांच्या रुग्णांना प्रव्रज्या देऊ नये, असा नियम करावा लागला. वैद्य निष्णात होता, पण तो एकटा होता. मग बाकीच्यांनी काय करायचे?

शुश्रूषा हेही औषधच

याचे उत्तर महावग्गातील दुसऱ्या प्रसंगात आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. आपण इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी आपली काळजी घेत नाही, असे त्याने सांगितले. भगवान बुद्धांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर निजवले. नंतर त्यांनी भिक्खूंना बजावले की, येथे तुमचे आईवडील नाहीत; तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने रुग्णाची सेवा करावी. उपाध्याय, आचार्य वा शिष्य यांनी रुग्ण बरा होईपर्यंत सेवा करावी आणि कोणीच नसेल तर संघाने करावी, असा नियम झाला. सेवा न करणे हा दोष ठरला.

शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत: औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य समजणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र, थुंकी, वांती काढताना किळस न करणे, आणि चांगल्या बोलाने रुग्णाला धीर देणे. रुग्णाचेही पाच गुण आहेत: पथ्य पाळणे, त्यातही प्रमाण जाणणे, औषध घेणे, दुखणे वाढले की कमी झाले हे खरे सांगणे आणि वेदना सहन करणे.

हाच विचार पुढे विस्तारला. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसे व पशू या दोघांच्याही चिकित्सेची सोय केल्याचे आणि औषधी वनस्पती लावल्याचे नमूद केले आहे. पाचव्या शतकात आलेल्या फाहियान या चिनी भिक्खूने पाटलीपुत्रात गरीब, अनाथ व अपंग रुग्णांना अन्न-औषध देणारी घरे पाहिली. राजवैद्याचा उपचार अशा रीतीने रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोहोचू लागला.

आपण काय घ्यावे?

प्राचीन काळी सर्व काही होते, असे म्हणणे योग्य नाही. त्या काळी जी साधने नव्हती, ती आज सरकारी दवाखान्यातही मिळतात. त्यांचा पुरेपूर लाभ घ्यावा. अंगारे-धुपारे व देवऋषी यांत वेळ घालवू नये. क्षयरोगाच्या गोळ्या बरे वाटू लागले म्हणून मध्येच सोडू नयेत. डॉक्टरांपासून दुखणे लपवू नये.

परंतु शुश्रूषेचे काम कोणतेही यंत्र करीत नाही. आपल्या वस्तीत अंथरुणाला खिळलेला म्हातारा असेल, दवाखान्यात एकटा पडलेला शेजारी असेल, तर त्याच्यापाशी बसणे, त्याचे कपडे बदलणे, वेळेवर औषध देणे हे आपल्यापैकी कोणालाही जमण्यासारखे आहे. त्यासाठी तक्षशिलेला जावे लागत नाही. तो आपल्या उपयोगी पडला होता की नाही, हा हिशेब मात्र मांडू नये. त्या आजारी भिक्खूला याच हिशेबाने एकटे पाडले होते.