बंबावरच्या कोणाचा सत्कार करायचा?

प्रश्न : मागच्या पावसाळ्यात आमच्या इमारतीतल्या मीटर बॉक्सला आग लागली. जिना धुराने भरला होता. अग्निशमन दलाच्या जवानांनी तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना सुखरूप खाली आणलं. येत्या 14 एप्रिलला सोसायटीतर्फे त्यांच्यातल्या एकाचा ‘उत्कृष्ट अग्निशामक’ म्हणून सत्कार करावा असं ठरतंय. हा दिवस 14 एप्रिललाच का पाळतात? सरकार या लोकांना पदकं देतं ती कशी? आणि आम्ही एकाची निवड कशी करावी?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : 14 एप्रिल म्हटलं की महाराष्ट्राला बाबासाहेबांची जयंती आठवते. त्याच तारखेला देशभरच्या अग्निशमन केंद्रांत मानवंदना होते, आणि तिचं कारण मुंबईतच घडलेलं आहे.

12 एप्रिल 1944 रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं मालवाहू जहाज कराचीहून मुंबईला आलं आणि व्हिक्टोरिया गोदीत लागलं. महायुद्धाचा काळ. जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटकं आणि दारूगोळा होता, कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या, तेल होतं, लाकूड होतं, सोन्याच्या विटाही होत्या. धोक्याचा माल असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटा मात्र त्यावर नव्हता. 14 तारखेला दुपारी दोनच्या सुमारास जहाजातून धूर येताना दिसला. बंब आले आणि पाण्याचा मारा सुरू झाला. कापसाची आग फार चिवट असते. वरून कितीही पाणी ओता, गाठीच्या आत ती धुमसत राहते. त्यात धूर इतका दाट, की आग नेमकी कुठे आहे तेच सापडेना. 900 टनांहून जास्त पाणी जहाजात गेलं आणि ते तिथेच उकळू लागलं. दारूगोळा भरलेला आहे हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. तरी माणसं होज धरून उभी राहिली. 3 वाजून 50 मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम निघाला आणि त्यानंतर सोळाव्या मिनिटाला पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा. पार शिमल्याला जमिनीचा हादरा नोंदला गेला. शेकडो माणसं गेली, गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या. त्यात अग्निशमन दलाचे 66 जण होते. 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन ठरला तो त्यांच्यामुळे, आणि 20 तारखेपर्यंतचा आठवडा अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो.

त्या स्फोटात उडालेल्या सोन्याच्या विटांची गोष्ट मुंबईत आजही चवीने सांगितली जाते. या 66 जणांबद्दल विचारलं तर सहसा कोणाला काही सांगता येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणूनच तुमच्या सोसायटीला सत्कार करावासा वाटला, ही गोष्ट मी छोटी मानत नाही.

आता पदकं. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाच्या निमित्ताने केंद्र सरकार पोलिसांबरोबरच अग्निशमन सेवेतल्या लोकांचीही पदकं जाहीर करतं. पूर्वी अग्निशमन सेवेची पदकं वेगळ्या नावांनी दिली जात. 2024 च्या प्रजासत्ताक दिनापासून पोलीस, अग्निशमन, गृहरक्षक दल, नागरी संरक्षण आणि तुरुंग सेवा यांची मिळून सोळा पदकं एकत्र करून चार केली. दोन शौर्यासाठी, एक विशिष्ट सेवेसाठी, एक गुणवत्तापूर्ण सेवेसाठी. नावं राज्याकडून शिफारस होऊन केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातात. शौर्यपदक एखाद्या घटनेतल्या धाडसासाठी असतं, सेवापदकं वर्षानुवर्षांच्या निष्कलंक कामासाठी. शिफारस कागदावर उभी राहते: वर्दी कधी आली, कोण गेलं, काय केलं. ज्याच्या कामाची नोंदच झाली नाही, त्याचं नाव पुढे सरकत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. एकाची निवड करूच नका.

तुमच्या जिन्यात त्या दिवशी काय झालं असेल ते पाहा. धुरात शिरणाऱ्यांच्या पाठीवर हवेचं सिलिंडर होतं. ते साधारण अर्धा तास पुरतं, आणि चार मजले चढून माणूस उचलून आणायचा तर त्याआधीच संपत येतं. म्हणून कोण कितीला आत गेलं याचा हिशेब ठेवायला बाहेर एकाला थांबावं लागतं. त्याचं लक्ष ढळलं तर आतला माणूस परत येत नाही. बंबाचा चालक गाडी लावून मोकळा होत नाही, पंपही त्यालाच चालवायचा असतो. दाब कमी पडला तर आगीसमोरच्या जवानाच्या हातातलं पाणी तुटतं. दाब एकदम वाढला तर होज त्याला उचलून आपटतो. पंपाच्या काट्यावर नजर ठेवून असलेल्या या माणसाने तुमचा जिना पाहिलाही नसेल. नियंत्रण कक्षात 101 वर आलेला फोन उचलून, घाबरलेल्या माणसाकडून नीट पत्ता काढून घेणारा तर तुमच्या गल्लीतही आलेला नाही. तरी त्याने घाईत चुकीचा रस्ता लिहून घेतला असता तर पुढचं काहीच वेळेवर घडलं नसतं.

नोव्हेंबर 2008 मध्ये ताजमहाल हॉटेल पेटलं होतं आणि आत अतिरेक्यांचा गोळीबार चालू होता. तेव्हा मुंबई अग्निशमन दलाने खिडक्यांना शिड्या लावून पाहुण्यांना खाली उतरवलं. खिडकीतून माणूस उचलणारा छायाचित्रात दिसतो. शिडी वर-खाली करणारा खाली गाडीवर असतो, आणि वर माणूस असेपर्यंत त्याला जागा सोडता येत नाही.

काळबादेवीचंही तसंच. 9 मे 2015 रोजी गोकुळ निवास या जुन्या, लाकडी बांधणीच्या इमारतीला आग लागली. ती विझवताना इमारत कोसळली. महेंद्र देसाई आणि संजय राणे हे अधिकारी त्याच दिवशी गेले. उपप्रमुख अधिकारी सुधीर अमीन आणि खुद्द दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर उपचार चालू असताना पुढे गेले. दलाचा सर्वोच्च अधिकारी आणि केंद्राचा अधिकारी एकाच आगीत होते. वरच्याने मागे राहायचं आणि खालच्याने पुढे जायचं, अशी वाटणी या कामात नसते. मग आपण हार घालताना ती का करायची?

तेव्हा त्या वर्दीवर आलेल्या सगळ्या पाळीला बोलवा. त्याहून बरं, तुम्हीच केंद्रात जा. सत्काराला बसलेल्या पाळीला मधेच वर्दी आली तर उठून पळावं लागतं, आणि तुमच्या सभागृहातून निघायला त्यांची जी दोन मिनिटं जातील ती कोणाला तरी महाग पडू शकतात. आधी केंद्र अधिकाऱ्यांना भेटून त्या दिवशीच्या पाळीची नावं घ्या. 14 तारखेला सकाळी त्यांची स्वतःची मानवंदना असते, म्हणून सप्ताहातला दुसरा दिवस धरा. ज्या आजी-आजोबांना खाली आणलं त्यांना चालवत असेल तर बरोबर न्या. पाकीट मात्र देऊ नका. ते पालिकेचे नोकर आहेत, त्यांची अडचण होते.

आणखी एक गोष्ट, आणि ती मी सत्काराइतकीच महत्त्वाची मानतो. महाराष्ट्रात 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार, ज्या इमारतींना आग विझवण्याची यंत्रणा बसवणं बंधनकारक आहे, त्यांनी ती चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारी आणि जुलैमध्ये दलाकडे द्यायचं असतं. तुमच्या सोसायटीला ते लागू असेल तर शेवटचं प्रमाणपत्र कधी दिलं ते कार्यकारिणीला विचारा. जिन्यातली सायकल, कुंड्या, जुनं कपाटही हलवा. धुरात हाताने चाचपत चढणाऱ्या जवानाचा पाय त्यातच अडकतो.

सत्काराच्या दिवशी शाल, श्रीफळ द्यायचं तर जरूर द्या. पण मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांच्या नावे एक पत्रही द्या आणि प्रत पालिका आयुक्तांना पाठवा. त्यात आगीची तारीख, वेळ, इमारतीचा पत्ता, किती जणांना कोणत्या मजल्यावरून आणलं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं तसं लिहा. पाळीतल्या प्रत्येकाचं नाव आणि हुद्दा घाला, चालक आणि नियंत्रण कक्षातल्या माणसासकट. खाली सभासदांच्या सह्या घ्या आणि पोच घ्यायला विसरू नका.