उपास कर, पण जेवत जा

प्रिय ऑल्विन,

ऑफिसात चक्कर येऊन पडलास आणि ते मला कळलं कुठे, तर पापडीच्या बाजारात, तुझ्या मित्राच्या आईकडून! राखेच्या बुधवारपासून म्हणे तू एकच वेळ जेवतोस आणि शुक्रवारी पाणीसुद्धा घेत नाहीस. पुण्यात एकटा राहतोस. रात्रीबेरात्री खोलीत पडलास तर उचलणार कोण?

हे खूळ तुला कोणी दिलं? चर्चने सक्तीचे उपास दोनच ठेवलेत, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. त्या दिवशीही एकदा पोटभर आणि दोनदा थोडंथोडं खायला हरकत नाही. बाकीच्या शुक्रवारी मांस नको, एवढंच. रविवार तर उपासकाळाच्या चाळीस दिवसांत धरतच नाहीत. तो प्रभूच्या पुनरुत्थानाचा वार, त्या दिवशी कसला उपास? आणि आजाऱ्याला सगळीच सूट. तू इन्स्टाग्रामवर उपासाचा रोजचा दिवस टाकतोस असंही ऐकलं. मत्तयचा सहावा अध्याय काढून बघ. डोक्याला तेल लाव, तोंड धू, उपास आहे हे लोकांना कळता कामा नये, असं प्रभू सांगतो. त्याने मोबाइल पाहिला नव्हता, तरी तुझ्यासारखी पोरं त्याला ठाऊक होती!

आज काही खाल्लंस का?

आता जे लिहायचं टाळत होते ते. दादाशी, आपल्या बापाशी, तू नाताळपासून बोललेला नाहीस. विहिरीकडचा जमिनीचा तुकडा त्याने तुला न विचारता विकला. चुकलंच त्याचं, मी तोंडावर सांगितलंय. पण बाबा, तू चिकन सोडलंस, चहा सोडलास, अबोला तेवढा सोडवत नाही तुला. दृढीकरणाला मी तुला फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' दिलं होतं ना, त्यात यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाच. भांडणं चालू ठेवून केलेल्या उपासाची तिथे चांगलीच खरडपट्टी आहे. भुकेल्याला भाकरी द्या, म्हणतो, आणि आपल्याच रक्तामांसाच्या माणसापासून तोंड लपवू नका.

तुझ्या वयात मी एकही शुक्रवार चुकवला नाही. क्रुसाच्या वाटेला चौदाही स्थानांपाशी गुडघे टेकायचे. आय लाल लुगड्यात यायची. कॉलेजच्या मैत्रिणी बघतील म्हणून मी तिच्या पुढे चालायचे. तिने कधी हाक मारली नाही. तिच्या शेजारी गुडघे टेकायचं राहूनच गेलं, ऑल्विन.

जास्तच बोलले का? तुझी भक्ती खोटी आहे असं मुळीच म्हणत नाही मी. इथली पोरं मिस्सा संपेपर्यंत बाहेर बाइकला टेकून गप्पा मारतात, आणि तू परगावी राहून एवढं पाळतोस, याचं मला कौतुकच आहे. पण पोटात काहीतरी असू दे रे. आगाशीची सुकेळी पाठवतेय, ऑफिसच्या बॅगेत ठेव. चहा सोडलास त्याचे पैसे तुझ्या डबेवाल्या मावशींच्या मुलाच्या वह्यांना दे, आणि ते इन्स्टाग्रामवर टाकू नकोस.

दादा शुक्रवारी क्रुसाची वाट करून आठनंतर घरी येतो. त्याला हल्ली रिंग ऐकू येत नाही. पहिल्यांदा उचलला नाही तर रागावू नकोस, पुन्हा लाव.

तुझी,
आत्या