नॅनोपदार्थ कोणास म्हणावें?

मिलिमीटराचे दहा लक्ष भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर होय. कण इतके बारीक झाले कीं पदार्थाचे गुणधर्म पालटूं शकतात. म्हणून त्यांची तपासणी निराळी हवी. परंतु तपासावें कोणास, हें व्याख्येवांचून कायद्यास कळत नाहीं. युरोपीय आयोगानें २०११ सालीं केलेली व २०२२ सालीं सुधारलेली व्याख्या सांगते: ज्यांतील निदान निम्मे कण, संख्येनें, एका तरी बाजूनें १ ते १०० नॅनोमीटर मापाचे, तो नॅनोपदार्थ. वजनानें कां नव्हे? १००० नॅनोमीटर व्यासाचा एकच गोल कण १० नॅनोमीटरांच्या दहा लक्ष कणांइतका भरतो! तराजूंत लहानगे लपले असते. व्याख्येंत बसला म्हणून पदार्थ घातक ठरत नाहीं. त्याची चौकशी मात्र ठरते. नेमका शब्द ही रक्षणाची पहिली पायरी होय.