राजूरहून जर्मनीला: भेटीचे दिवस वाटताना

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातले राजूर हे कोळशाच्या खाणीचे आणि चुनाभट्ट्यांचे गाव. वेस्टर्न कोलफील्ड्स म्हणजे वेकोलि या कोळसा कंपनीची नोकरी नाहीतर कापूस-सोयाबीनचे वावर, यांवर इथली अनेक घरे उभी राहिली. अशा घरातला मुलगा किंवा मुलगी जर्मनीत स्थिरावली की वर्ष-दोन वर्षांत भेटीचे बेत सुरू होतात. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून तिकडे नोकरीला कसे जावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तिथे गेलेल्या लेकराला भेटायला निघालेल्या आई-वडिलांनी काय सांभाळावे, हे मात्र बहुधा एखादी फेरी बिघडल्यावरच कळते.

पाहुणे म्हणून जाण्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो. तो २९ देशांना मिळून एकच असतो आणि कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहू देतो. सर्वांत जास्त घोटाळे या हिशेबात होतात. ९० दिवस आणि तीन महिने यांत एक-दोन दिवसांचा फरक पडतो, शिवाय उतरण्याचा आणि परत निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. पासपोर्टवरच्या व्हिसावर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात. एक म्हणजे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो चालेल ती मुदत, आणि दुसरी म्हणजे प्रत्यक्ष राहण्याचे दिवस. प्रवास थोडा मागेपुढे झाला तर अडचण नको म्हणून मुदत साधारण पंधरा दिवसांनी जास्त दिलेली असते. घरचे ती शेवटची तारीख पाहून परतीचे तिकीट काढतात आणि मंजूर दिवस आधीच संपतात. जास्त राहिल्यास दंड होतो आणि पुढच्या प्रवेशावरही बंदी येऊ शकते. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर येण्या-जाण्याची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे चुकलेला एक दिवसही आपोआप दिसतो. पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमला काढलेले दिवस याच नव्वदांत धरले जातात. लंडनला जायचे असेल तर वेगळा व्हिसा लागतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंतही जाऊ शकतात. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो आहे, व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाखर्च वेगळा. अर्जाआधी नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाचे काम उरकलेले हवे, आणि तिथेच जुन्या पिढीची खरी अडचण निघते. आईचे नाव आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि लेकाच्या जन्मदाखल्यावर तिसरेच. लग्नाची नोंद तर अनेकांनी कधी केलेलीच नसते. नाते सिद्ध करणारे कागद एकमेकांशी जुळले नाहीत तर अर्ज अडतो, म्हणून नावांची दुरुस्ती व्हिसाच्या घाईत करू नये, ती किमान सहा महिने आधी हाती घ्यावी.

माणूस परत येईल, याची खात्री अर्ज तपासणाऱ्याला कागदांवरूनच पटवावी लागते. खाणीत नोकरी चालू असेल तर मंजूर रजा आणि वेकोलिचे ना-हरकत पत्र, निवृत्त असेल तर पेन्शनचे कागद, शेतकरी असेल तर इंग्रजी भाषांतरासह सातबारा. शेतकऱ्याच्या बँक खात्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. कापूस विकला की खात्यात एकदम मोठी रक्कम येते आणि बाकीचे वर्ष खाते जवळपास कोरडे असते. बाहेरच्या माणसाला ती रक्कम व्हिसासाठी उसनी आणून भरल्यासारखी वाटते. कापूस विक्रीची पावती अर्जाला जोडली की हा संशय राहत नाही. खरोखरच कोणाकडून पैसे आणून खाते फुगवणे मात्र पूर्ण टाळावे. अर्ज नाकारला गेल्यास कारण लेखी मिळते. पूर्वी जर्मन वकिलातीकडेच फेरविचाराचा अर्ज करता येत असे, ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता बर्लिनच्या न्यायालयात जाणे किंवा नवा अर्ज करणे एवढेच मार्ग आहेत. उणीव भरून काढून केलेला नवा अर्जच बहुतेकांना परवडतो.

आई-वडिलांचे उत्पन्न तुटपुंजे असेल तर जर्मनीत राहणाऱ्या मुलाने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन हमीपत्र द्यायचे असते. तिथे त्याला फेरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात आणि त्याचे शुल्क २९ युरो आहे. हे निमंत्रणाचे साधे पत्र समजू नये. पाहुण्याचे राहणे, आजारपण आणि वेळ पडल्यास त्याला परत पाठवण्याचा खर्च, हे सारे सही करणाऱ्यावर येते. पाहुणा परतलाच नाही तर हे ओझे पाच वर्षांपर्यंत राहू शकते. आई-वडिलांसाठी अशी सही करताना कोणी विचार करत नाही आणि करूही नये. पण एक मुलगा तिकडे गेला की गावातून, नात्यातून निरोप येऊ लागतात: आमच्या पोरालाही पाहुणा म्हणून बोलावून घे, कामाचे तिथे पाहता येईल. इथे ठाम नकार देणे हाच प्रामाणिकपणा आहे. पाहुण्याच्या व्हिसावर काम करता येत नाही आणि साधारणपणे तिथे बसून तो नोकरीच्या व्हिसात बदलताही येत नाही. तरीही तसे केले तर त्या पोराचे पुढचे अर्ज डागाळतात आणि सही करणाऱ्याच्या बचतीवर टांगती तलवार राहते.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा आरोग्य विमा सक्तीचा असतो. तो घेतला म्हणजे आजारपणाची चिंता मिटली, हा समज धोक्याचा आहे. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असे आधीपासूनचे आजार बहुतेक प्रवासी विम्यांत वगळलेले असतात किंवा जेमतेम धरलेले असतात. जर्मनीत दवाखान्यात एक-दोन दिवस राहिले तरी बिल हजारो युरोंत जाते. म्हणून पॉलिसीतला आधीच्या आजारांचा भाग नीट वाचून थोडा जास्त हप्ता भरावा. पूर्ण मुक्कामाची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. दातांची कामे वणीत किंवा नागपूरला उरकूनच निघावे. तातडीचा क्रमांक ११२ आहे. जिवावरचे नसलेले दुखणे रात्री किंवा रविवारी उद्भवले तर ११६११७ वर डॉक्टरांची सोय होते. हे दोन्ही क्रमांक आई-वडिलांच्या फोनमध्ये मराठी नावाने साठवून ठेवावेत.

सामानात प्रेमापोटी जे जाते तेच अनेकदा विमानतळावर काढून घेतले जाते. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला मांस, दूध, तूप, खवा, पनीर नेता येत नाही. बहुतेक फळे-भाज्यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, त्यामुळे नागपुरी संत्री आणि कढीपत्ताही घरीच ठेवावा. तिखट, मसाले, भाजणी, हळीव, डिंक असे कोरडे जिन्नस न्यावेत. लोणी जर्मनीत उत्तम मिळते, ते कढवून तिथेच लाडू वळता येतात.

बाळंतपणासाठी आईला बोलावणे हे या भेटींचे सर्वांत मोठे कारण असते आणि त्यात दिवसांची वाटणी सर्वांत महत्त्वाची ठरते. आई आणि सासू दोघी एकदम गेल्या तर दोघींचे नव्वद दिवस एकदमच संपतात, दोन-तीन खोल्यांच्या घरात गर्दी होते, आणि बाळ तीन महिन्यांचे झाले की सुनेजवळ कोणीच उरत नाही. आधी आई, ती परतताना सासू, असा क्रम दोन्ही घरांनी समजुतीने ठरवला तर सहा महिने आधार राहतो. प्रसूतीनंतर तिथे प्रशिक्षित दाई घरी येऊन बाळ-बाळंतिणीला पाहते आणि तिचा खर्च सरकारी आरोग्य विमा देतो. तिच्या सल्ल्याशी आजीचा अनुभव कधी जुळत नाही. मालिशीवर वाद होत नाही, पण गुटी आणि बाळाला पाणी पाजणे यांवर होतो. अशा वेळी दाईचे ऐकावे. शेक-धुरीचा बेत तर सोडूनच द्यावा, कारण जर्मन घरांत धूर ओळखणारी यंत्रे बसवणे बंधनकारक आहे आणि ओव्याच्या धुरीनेही ती कर्कश वाजू लागतात.

इतर भेटींचा काळ वावराने ठरतो. कापसाची उलंगवाडी झाली की शेतकरी मोकळा होतो आणि मृगाच्या पेरणीआधी त्याला परतायचे असते. मधले एप्रिल-मे हे महिने राजूरच्या कडक उन्हातून सुटण्यासाठी योग्य, मात्र जर्मनीत एप्रिलमध्येही स्वेटर लागतो. पूर्ण नव्वद दिवस मिळाले तरी पहिल्या खेपेला पाच-सहा आठवडेच ठेवावेत. मुलगा-सून सकाळी कामाला जातात, रविवारी दुकाने बंद असतात, रात्री दहानंतर शांतता पाळायची असते. ओट्यावर बसून दिवसभर माणसांत राहिलेल्या आई-वडिलांना त्या रिकाम्या दुपारी फार जड जातात. बसचे एक-दोन रस्ते, जवळची बाग, भाजीचे दुकान पहिल्याच आठवड्यात सोबत फिरून दाखवले तर दिवस सुसह्य होतात. नागपूरहून जर्मनीला थेट विमान नाही, तेव्हा पहिल्या प्रवासात मुंबई किंवा दिल्लीहून थेट जाणारे विमान घ्यावे आणि व्हीलचेअरची मदत तिकिटातच मागावी. चालता येत असले तरी मागावी, कारण व्हीलचेअर ढकलणाऱ्या मदतनिसाबरोबर मोठ्या विमानतळावर वाट चुकत नाही.

उलट बाजूने मुलाने राजूरला येण्याचे गणितही तितकेच घट्ट असते. आठवड्यात पाच दिवस काम असेल तर जर्मनीत कायद्याने वर्षाला किमान २० दिवस रजा मिळते, अनेक कंपन्या ३० च्या आसपास देतात. नातवंडे शाळेत जाऊ लागली की स्वस्त तिकिटासाठी शाळा बुडवता येत नाही, हजेरी सक्तीची असते आणि पालकांना दंड होऊ शकतो. म्हणून कुटुंबाचे येणे उन्हाळी सुट्टीत, म्हणजे इकडच्या ऐन पावसात, नाहीतर नाताळात होते. दिवाळीला दर वर्षी या, असा आग्रह घरच्यांनी धरू नये. मिळालेल्या तीन आठवड्यांत माहेर, सासर, मित्र आणि नागपूरची कामे कोंबली की लेकरू आई-वडिलांजवळ चार दिवसही बसत नाही. मित्रांना आणि लांबच्या नातलगांना एका दिवशी राजूरलाच बोलवावे आणि राहिलेले दिवस दोन्ही घरांनी आधीच वाटून घ्यावेत.

घरी मोठे आजारपण निघाले तर मुलाला जास्त थांबावे लागते. जर्मनीचा साधा निवास परवाना सहा महिने देशाबाहेर राहिल्यास संपुष्टात येतो, उच्चशिक्षित नोकरदारांच्या ब्ल्यू कार्ड परवान्यावर बारा महिन्यांची मुभा असते. मुक्काम त्याहून लांबेल असे दिसत असेल तर ती मुदत संपण्याआधीच तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून लेखी मुदतवाढ घ्यावी.