स्वप्नातील जागृती आणि दृष्टांताचा मोह

श्रीगुरुचरित्राच्या सप्ताहात झोपण्याचा नियम आपणा सर्वांना ठाऊक आहे. देवाजवळ, चटईवर, डाव्या कुशीवर निजावे. महाराजांकडून काही संदेश आलाच तर तो आपल्यापर्यंत पोहोचावा, हा त्यामागचा भाव. मी गेली बावीस वर्षे मार्गशीर्षात पारायण करतो. खरं सांगायचं तर त्यातली बरीच वर्षे रात्री काय पाहिलं ते सकाळी आठवतच नसे. आठवलं तरी बहुधा ऑफिसचंच!

पाच वर्षांपूर्वी सप्ताहाच्या चौथ्या रात्री मात्र वेगळं घडलं. स्वप्नात मी पोथी वाचत होतो. एक ओवी वाचली, पुन्हा त्याच ओळीवर नजर नेली, तर अक्षरे निराळीच. तेवढ्यात मनात आलं, ‘अरे, हे तर स्वप्न!’ इतका आनंद झाला की त्याच क्षणी जाग आली. घड्याळात पहाटेचे साडेचार वाजले होते.

स्वप्न चालू असताना ‘हे स्वप्न आहे’ असे भान येणे, ही नुसती कल्पना नव्हे. झोपेच्या ज्या टप्प्यात स्वप्ने पडतात त्यात हातपाय लुळे असतात, पण बुबुळे हलत राहतात. त्याचा उपयोग करून १९७५ साली इंग्लंडमधील हल विद्यापीठात एका झोपलेल्या माणसाने आधी ठरवल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून आतून खूण दिली. पुढे अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी स्टॅनफर्डला हेच स्वतंत्रपणे दाखवून दिले. २०२१ मध्ये तर झोपलेल्या माणसाला आठातून सहा वजा करायला सांगितले आणि त्याने स्वप्नातूनच डोळ्यांनी ‘दोन’ असे उत्तर दिले. हा टप्पा साधारण दर दीड तासाने येतो आणि रात्र सरेल तसा लांबत जातो. म्हणून पहाटेची स्वप्ने मोठी असतात आणि लक्षातही राहतात. ती खरी होतात अशी समजूत का पडली असावी, याचा थोडा उलगडा मला इथे झाला.

आपल्याकडे हा विचार फार जुना आहे. मांडुक्य उपनिषदाचे मंत्र अवघे बारा. पण जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि या तिन्हींना जाणणारी तुर्या, एवढा पसारा त्यात मावला आहे. पतंजलींनीही स्वप्न आणि निद्रा यांचे ज्ञान हे चित्त स्थिर करण्याचे एक आलंबन मानले आहे. आणि तुकोबाराय? त्यांना बाबाजी चैतन्यांचा अनुग्रह स्वप्नातच झाला. गुरूंनी भोजनाला पावशेर तूप मागितले आणि ते देण्याचा विसर पडला, हे तुकोबा स्वतःच सांगतात. मला या प्रसंगात फार धीर वाटतो. एवढ्या मोठ्या स्वप्नातसुद्धा विसर असतोच, मग आपली काय कथा?

अडचण हीच आहे. भान येणे तितके कठीण नाही. ते टिकणे कठीण. एकतर आनंदाने जाग येते, नाहीतर दोन क्षणांत आपण पुन्हा स्वप्नाच्या गोष्टीत वाहून जातो. त्यावर मला जे उपयोगी पडले ते सांगतो. दिवसा उंबरठा ओलांडताना क्षणभर थांबून स्वतःला विचारायचे, ‘मी जागा आहे का?’ नुसते तोंडाने नाही. खरोखर तपासून पाहायचे. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहावा. स्वप्नात नाक बंद असूनही श्वास चालतो! ही सवय मुरली की एखाद्या रात्री स्वप्नातल्या उंबरठ्यावरही तो प्रश्न उठतो. भान आले की उड्या मारायच्या नाहीत. दोन्ही तळहात एकमेकांवर चोळावेत, पायाखालची फरशी गार आहे का ते जाणावे. चित्र पुसट होऊ लागले तरी हात चोळणे सोडू नये. आणि सोबत आपला अठराअक्षरी दत्तमंत्र. जप सुटला की समजावे, आपण वाहून चाललो.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतांनी यदुराजाला चोवीस गुरू सांगितले. त्यातला बाण करणारा कारागीर आठवा. राजाची स्वारी वाजतगाजत शेजारून गेली, तरी त्याची नजर हातातल्या बाणावरच. स्वप्नात दर क्षणाला अशी स्वारी जाते. कधी मेलेली माणसे भेटतात, कधी उडता येते, कधी कोणी हाक मारते. ‘मी पाहतो आहे’ एवढे भान, हाच आपला बाण.

मी स्वतः मात्र स्वारीच्या मागे गेलो. झाले असे की, गावचे घर विकायचे की ठेवायचे यावरून दादाचे आणि माझे वर्षभर बिनसले होते. मला विकायचे होते. एका पहाटे स्वप्नात चांगले स्थिर भान आले आणि मला बुद्धी सुचली, महाराजांनाच विचारू. ‘या दाराआड महाराज असतील’ असे मनात धरले, दार ढकलले. महाराज होते. मी विचारले, त्यांनी मान डोलावली. सकाळी आंघोळ उरकून दादाला फोन लावणार होतो, ‘दादा, दृष्टांत झाला, आता तू नाही म्हणू नकोस.’ नंबर लावता लावता थबकलो. दार कोणी ठरवले? मी. आत कोण असावे हे कोणी ठरवले? मीच. मग ती मान तरी कोणाची?

फोन ठेवून दिला. पण त्या दिवशी पूजेला बसायची लाज वाटली, हेही लिहिले पाहिजे. भावाचे तोंड बंद करायला मी महाराजांचे रूप वापरणार होतो.

दृष्टांत खोटे असतात असे मी मुळीच म्हणत नाही. न मागता आलेल्यांनी आयुष्ये पालटलेली मी पाहिली आहेत. पण ज्या स्वप्नाची सूत्रे आपल्या हाती आहेत, त्यातून आज्ञा घेऊ नये. तेव्हापासून भान आले तर मी काहीच मागत नाही. हात चोळतो, जप करतो, दिसेल ते पाहतो. बहुतेक वेळा मिनिटभरात जाग येते. महिन्यातून एखादवेळ असे घडते, काही महिने कोरडे जातात.

यासाठी झोप मोडून गजर लावत बसू नये. ज्यांना झोप कमी आहे किंवा मनाच्या आजाराचे औषध चालू आहे, त्यांनी या वाटेला न गेलेलेच बरे; जागेपणीचा जप पुरेसा आहे.

घराचा प्रश्न अजून तसाच आहे. यंदा सप्ताहाच्या समाप्तीला दादा आणि वहिनी दोघेही यायचे म्हणताहेत. मी त्याला अजून ते स्वप्न सांगितलेले नाही. महाप्रसाद झाला की सांगणार आहे, दार मीच ठरवले होते या तपशिलासकट.