बुलबुलाचें पोट व त्याचीं पिलें

पालघर व बोईसर-तारापूरकडील वाडीवाल्या बंधूंस, टोचलेला चिकू दिसतांच बुलबुलाचा राग येतो. आम्हांसहि येतो. तथापि त्याचें पोट कसें चालतें, हें पाहावें. फळाचा गर त्यास त्वरित पचतो. लहान बीज अखंड बाहेर पडतें. कुंपणांतील घाणेरी बहुधा अशीच उगवते. हरियलाचें तसें नव्हे. त्याचा पेषणकोष उंबराचें बीजहि दळून टाकितो, आणि नर-मादी दोघेंहि आपल्या अन्नपिशवींत स्रवणारें 'दूध' पिलांस पाजतात. बुलबुलास तें दूध नाहीं, व पिलाचें अंग भरण्याजोगीं प्रथिनें नुसत्या फळांत नसतात. म्हणून तो त्यांस अळ्या व कीटक भरवितो. सबब वाडींतील घरटें पिलें उडेपर्यंत मोडूं नये. चिकू झाडावर पिकूं न देतां तयार होतांच उतरवावा.