तबकडी आणि फाइल : घरांतील संगीताचें जतन

ज्या घरांत संगीताची आवड आहे, त्या घरीं अलीकडे एक प्रश्न हमखास निघतो. आजोबांच्या वेळच्या ध्वनिमुद्रिका माळ्यावर धूळ खात पडलेल्या असतात, आणि मुलें विचारतात, "सगळीं गाणीं मोबाइलवर मिळतात, मग ह्या तबकड्या मोडींत कां घालूं नयेत?" प्रश्न सोपा दिसतो, परंतु उत्तर देण्यापूर्वीं दोन्ही साधनांचें स्वरूप समजून घेणें इष्ट आहे.

एडिसन यांनीं १८७७ सालीं फोनोग्राफ तयार केला, आणि दहा वर्षांनीं बर्लिनर यांनीं चपट्या तबकडीची युक्ति काढली. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गायन मुद्रित झालें. त्या काळच्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. म्हणून तासभर रंगणारा ख्याल गवयांना तेवढ्यांत आटोपावा लागे. १९४८ सालीं मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी तबकडी निघाली, तेव्हां एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गायन बसूं लागलें.

तबकडीवर ध्वनीच्या कंपनांची नागमोडी खांच असते. सुई तींतून फिरूं लागली कीं तींच कंपनें पुन्हा उत्पन्न होतात. फाइलीची रीत निराळी. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडीसाठीं ध्वनीचें माप सेकंदास ४४,१०० वेळां घेऊन तें अंकांत लिहितात. एका मिनिटाच्या संगीतास अशी सुमारें दहा मेगाबाइट जागा लागते. एमपी३ पद्धतींत, कानास सहसा जाणवत नाहीं तो भाग वगळून, तेंच संगीत एका मेगाबाइटाच्या आसपास बसवितां येतें. मात्र वगळलेला भाग परत मिळत नाहीं.

आतां गुणदोष पाहूं. लाखेची तबकडी पडली कीं फुटते, आणि प्रत्येक वादनानें तिची खांच थोडी झिजते. फाइल झिजत नाहीं; तिची शंभरावी नक्कल पहिलीसारखीच असते. पण ज्या यंत्रांत ती असते तें बिघडलें आणि दुसरी नक्कल नसली, तर सर्वच जातें. शिवाय मासिक वर्गणी भरून ऐकलेलें गाणें आपल्या मालकीचें नसतें. वर्गणी थांबली कीं तेंही थांबतें.

मोठ्या संस्थांच्या भरंवशावर राहावें, तर तेंही धोक्याचें. २००८ सालीं हॉलिवुड येथील युनिव्हर्सल कंपनीच्या आवारांत आग लागून अनेक मूळ ध्वनिफिती जळाल्या. २०१९ सालीं मायस्पेस या संकेतस्थळानें कळविलें कीं, साठा हलवितांना लोकांनीं तीन वर्षांपूर्वीं वा त्याआधीं चढविलेलें संगीत बहुधा नष्ट झालें आहे. एकीकडे वस्तु गेली, दुसरीकडे अंक गेले. तात्पर्य, कोणतेंही साधन आपण होऊन संगीत राखीत नाहीं. राखणारा माणूसच असतो. उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ सालीं निवर्तले. तरी त्यांचा स्वर आज ऐकूं येतो, याचें मोठें श्रेय तबकड्या जपून ठेवणाऱ्या रसिकांस आहे.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी कीं, जुन्या मुद्रिका मोडींत घालण्यापूर्वीं त्या एखाद्या जाणकारास दाखवाव्या. त्या उभ्या ठेवाव्या, उन्हापासून दूर ठेवाव्या. विद्यार्थ्यांनीं त्यांच्यावरील गायकाचें व रागाचें नांव वहींत उतरून घ्यावें, त्यांची फाइल करवून घ्यावी आणि ती दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावी. ऐकण्यास फाइल वापरावी. मूळ तबकडी सणावारीं सर्वांनीं मिळून ऐकावी.

वडिलांकडून आलेल्या ठेव्याचे आपण मालक नसून कारभारी आहों. पुढील पिढीनें हिशेब मागितला, तर आपले हात रिकामे नसावेत, एवढीच आमची इच्छा आहे.